गैरहजर म्हणजे बाद नाही

खोटं मला बोलता येतं. "परवा नक्की देते हो सोफा," हे मी रोज चार गिऱ्हाइकांना खोटंच सांगते. पण आता जे सांगणार आहे, त्यात पदरचा एक टाकाही नाही. विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. मी काही पाया पडणार नाही.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. नोव्हेंबर महिना. बुधवार. संध्याकाळचे सात.

जागा, माझ्या धाकट्या बहिणीचं घर. खाली रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान, वर दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत चौकोनी टेबल आणि चार खुर्च्या.

त्यातली एक रिकामी.

आधी माणसं सांगते, म्हणजे गोंधळ नको.

मी खुर्च्या-सोफ्यांना नवं कापड चढवते. तोंडात कायम खिळे नाहीतर सुई, आणि जीभही तशीच. म्हणून आमच्या टोळीत माझं नाव 'सुई'. धाकटी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. तिचा नवरा खालच्या दुकानात बसायचा, त्याला सगळे 'मेकॅनिक' म्हणायचे. चौथे बेकरीकाका. पहाटे तीनला उठून भट्टी पेटवायची, म्हणून रात्री नऊला झोपणारा माणूस. त्यामुळे आमचा खेळ सातला सुरू आणि पावणेनऊला बंद.

नऊ वर्षं. दर बुधवारी. लुडो.

हसा खुशाल. एवढे मोठे घोडे झाले आणि लुडो खेळतात! पण आमचा लुडो जोड्यांचा. मेकॅनिक लाल, धाकटी पिवळी, ती एक जोडी. मी हिरवी, काका निळे, ही दुसरी. जोडीदार समोरासमोर बसायचे. आपल्या चारही सोंगट्या घरात गेल्या तरी सुटका नाही, मग आपल्या फाशावर जोडीदाराच्या सोंगट्या चालवायच्या.

पट मेकॅनिकने स्वतः केलेला, लाकडाचा. सोंगट्या म्हणजे जुन्या रेडिओंची बटणं, रंग दिलेली. फासा घोळवायला प्रत्येकाची आपली पत्र्याची डबी. मेकॅनिकची जाड, ठणठणीत वाजणारी. काकांचा बेकिंग पावडरचा उंच डबा, ढब ढब आवाजाचा. धाकटीची चष्मा ठेवायची पत्र्याची पेटी. माझी सुया-बटणांची चपटी डबी, छमछम वाजायची. डोळे मिटून सांगता यायचं कोणाची पाळी आहे ते.

आणि संगीत. त्याशिवाय खेळ नाही. मेकॅनिकने रेडिओसमोर टेप ठेवून एक कॅसेट भरली होती. व्हायोलिन, पियानो, जुन्या धुना. शब्द असलेलं एकही गाणं नाही, कारण शब्द असले की काका गायला लागायचे. एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं. बाजू संपली की खट आवाज यायचा, आणि ज्याची पाळी असेल त्याने उठून कॅसेट उलटायची. दुसरी बाजू संपली की खेळ तिथेच थांबायचा. पटावर मी शिवलेलं झाकण घालायचं, पुढच्या बुधवारी तिथूनच सुरू. एकेक डाव महिनाभर चालायचा.

नियम सगळे मेकॅनिकचे. फासा टेबलाखाली पडला, पाळी गेली. जिंकलेली जोडी उठून बाहेर फिरायला जाणार, हरलेल्यांनी पट आवरायचा आणि कप विसळायचे. तो आणि धाकटी जिंकले की हातात हात घालून पुलापर्यंत जायचे, आणि मी सिंकपाशी उभी राहून शिव्या द्यायचे.

आणखी एक नियम. त्याचं खापर माझ्यावरच.

एका वर्षी काकांचा हात भट्टीत भाजला. तीन बुधवार आले नाहीत. मी त्यांच्या निळ्या सोंगट्या उचलून ठेवल्या. काका परत आले, पटाकडे बघितलं, आणि लहान मुलासारखे रुसून घरी गेले. महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. तेव्हा मेकॅनिकने जाहीर केलं, "गैरहजर म्हणजे बाद नाही. सोंगट्या पटावर राहणार. त्याचा फासा विरुद्ध जोडीतलं कोणीतरी टाकणार, म्हणजे लबाडी नको."

छान नियम होता. कोणाला काय ठाऊक...

त्या ऑक्टोबरमध्ये, एका रविवारी सकाळी, मेकॅनिक दुकानात बाकावर बसल्या बसल्या गेला. हृदय. चव्वेचाळीस वर्षांचा. समोर उघडलेला रेडिओ चालू होता म्हणे.

डाव अर्धा होता. लाल दोन आत, दोन बाहेर. पिवळी एकही आत नाही.

पाच आठवडे धाकटी नुसती भिंतीकडे बघत बसली. जेवायची नाही, बोलायची नाही. त्याच्या लाल खुर्चीवर बसून बसून पडलेल्या खड्ड्यावर हात फिरवत राहायची. मला बघवेना. मी खुर्ची उचलून नेली, फोम बदलला, नवं लाल कापड ताणून ठोकलं, परत आणून ठेवली. आणि म्हटलं, "बुधवारी मी आणि काका येतोय. खेळायचं."

"नको ताई. यांच्याशिवाय कसं..."

"त्याच्याशिवाय कोण म्हणतंय? लाल सोंगट्या राहतील. गैरहजर म्हणजे बाद नाही. त्याचाच नियम आहे ना? त्याचा फासा मी टाकीन."

काका म्हणाले, "सुई, असू दे. उचल लाल सोंगट्या."

मी त्यांनाच झापलं. तुमच्या वेळी उचलल्या तर महिनाभर रुसला होतात, म्हटलं.

मरण म्हणजे गैरहजेरी नव्हे. इतकी साधी गोष्ट, पण माझ्या टाळक्यात शिरली नाही.

पहिला बुधवार.

कॅसेट लावली. त्याची जाड डबी हातात घेतली, घोळवली, फासा टाकला.

सहा.

पुन्हा सहा. मग तीन. बाहेरची लाल सोंगटी सुसाट निघाली. धाकटी पाच आठवड्यांत पहिल्यांदा हसली. मला काय आनंद झाला सांगू! मी म्हटलं, "बघ, मेल्याचं नशीब मेल्यावरही जोरात आहे!"

तीसुद्धा हसली त्यावर.

पाऊण तासात त्याच्या उरलेल्या दोन्ही सोंगट्या आत गेल्या. जो आकडा हवा, तोच पडायचा. मी डबी उलटीसुलटी करून बघितली. डबी साधीच.

मग कॅसेटची बाजू संपली. खट.

पाळी लालची होती. म्हणजे उठायचं मी. मी चहाचा घोट गिळत होते, म्हणून उठायला अंमळ उशीर झाला...

टेपचं झाकण आपोआप उघडलं.

बंद झालं.

दुसऱ्या बाजूची धून सुरू झाली.

"आपोआप उलटणारा टेप दिसतोय," काका म्हणाले.

नव्हता. मेकॅनिकला तसले टेप आवडायचेच नाहीत. पण मी बोलले नाही. धाकटी टेपकडे बघून गालात हसत होती, आणि ते हसू मला हवं होतं.

दुसरा बुधवार.

आता लालच्या फाशावर धाकटीच्या पिवळ्या चालणार होत्या. म्हणजे फासा त्याचा, सोंगटी तिची, आणि हात माझा. हे लक्षात ठेवा.

तिसरी धून संपली. चौथी सुरू व्हायच्या आधी टेपवर चारेक सेकंद नुसतं सूंऽऽ व्हायचं. नऊ वर्षं ऐकलेलं. आम्हाला ती कॅसेट पाठ होती.

सूंऽऽऽ...

ठण. ठण. ठण.

टप्.

डबी घोळवल्याचा आवाज. जाड डबीचा. कॅसेटमधून.

मी त्याच्या डबीकडे बघितलं. ती टेबलावर होती. माझा हात तिच्यावर होता. मी अजून घोळवलीच नव्हती.

"रेडिओसमोर भरलीये कॅसेट. तेव्हाचा काही आवाज आला असेल," काका हळूच म्हणाले. पण त्यांचा कप बशीवर वाजत होता.

मी फासा टाकला. सहा.

त्या दिवशी प्रत्येक दोन धुनांच्या मधे ती डबी वाजली. आणि प्रत्येक वेळी मी टाकला की हवा तो आकडा. पावणेनऊपर्यंत तीन पिवळ्या घरात. मीच नेल्या. या हाताने.

निघताना सवयीने लाल खुर्ची आत सरकवली, आणि हात थांबला.

माझा धंदा बसण्याचा आहे. कोण कुठे कसं बसतं हे मला खुर्ची सांगते. नव्या फोमला खड्डा पडायला दोन वर्षं लागतात. ही खुर्ची मी दोन आठवड्यांपूर्वी भरली होती. तिच्यावर कोणी बसलं नव्हतं.

खड्डा होता. डाव्या बाजूला जास्त खोल. मेकॅनिकचा उजवा गुडघा दुखायचा, तो कायम डावीकडे कलून बसायचा.

जिना मी कठडा धरून उतरले. कबूल करते.

त्या आठवड्यात काय झालं ते ऐका.

गुरुवारी धाकटीने दुकानातली नोकरी सोडली. शुक्रवारी झाडांच्या कुंड्या शेजारी देऊन टाकल्या. रविवारी माझ्याकडे आली, घराच्या किल्ल्या हातात ठेवल्या. मंगळवारी मी गेले तर फ्रिज रिकामा, पुसून लख्ख, दार उघडं ठेवलेलं. प्रवासाला निघताना ठेवतो तसं.

"कुठे निघालीस गं?"

ती माझ्याकडे बघून इतकं गोड हसली. "जिंकलं की फिरायला जातो ना आम्ही, ताई. एकच सोंगटी राहिलीये."



मी काकांच्या बेकरीत गेले आणि पिठाच्या पोत्यावर बसून रडले. मग नाक पुसलं. म्हटलं, "काका, तो तिला न्यायला आलाय. आणि सोंगट्या मी चालवल्यात."

काका पीठ मळत राहिले. मग म्हणाले, "मग उद्या जाऊन पट आवरून टाकू. खेळ खलास."

तिसरा बुधवार.

दार धाकटीनेच उघडलं. पायात फिरायच्या चपला. अंगावर शाल.

दाराशी मेकॅनिकचे बूट. मी स्वतः ते गाठोड्यात बांधून माळ्यावर टाकले होते. आता दाराशी होते, टोकं बाहेरच्या बाजूला.

टेप चालू होता. कोणी लावला, विचारलं नाही.

"आज खेळायचं नाही," मी म्हटलं. "काका, उचला."

काकांनी एक निळी सोंगटी पटावरून उचलली.

धाकटीने एक लांब श्वास सोडला...

आणि पुढचा घेतलाच नाही.

मान टेबलावर पडली. ओठ पांढरे. मी तिला गदागदा हलवलं, थोबाडीत मारली, नावाने किंचाळले. गार. नाडी सापडेना. धून मात्र चालू, छान संथ.

आणि मग डोक्यात लख्ख उजेड पडला. आवरायचं काम हरणाऱ्यांचं. आवरायला घेतलं म्हणजे आम्ही हरलो!

"काका, ठेवा! ठेवा ती परत!"

काकांचा हात इतका थरथरत होता की सोंगटी घरावर बसेना. दोन्ही हातांनी धरून ठेवली एकदाची.

धाकटीने खस्सकन श्वास घेतला. डोळे उघडले. काही झालंच नाही अशी सरळ बसली आणि म्हणाली, "कोणाची पाळी?"

मी टेपचं बटण दाबलं. थांबेना. भिंतीतून वायर उपटली...

धून चालूच. वायर माझ्या हातात लोंबत होती.

खेळायचं नाही, तर मरायचं. बरं. खेळायचं तर खेळायचं! मला राग आला. खरंच सांगते, भीतीपेक्षा राग जास्त. मी खुर्चीत बसले, बाह्या वर केल्या.

काकांची पाळी झाली. त्यांना दोन पडले, काही उपयोग नाही. पिवळी सोंगटी घराच्या पट्टीच्या तोंडाशी उभी होती. एकदा पट्टीत शिरली की तिला कोणी मारू शकत नाही. माझी एक हिरवी तिच्या बरोब्बर चार घरं मागे.

पण आधी पाळी लालची.

धून संपली.

सूंऽऽऽ...

ठण. ठण. ठण.

धाकटीने जाड डबी माझ्यापुढे सरकवली. "ताई, यांचा टाक ना."

मी हातात घेतली. डबी गरम होती. नुकतीच कोणीतरी मुठीतून सोडल्यासारखी.

मी रिकाम्या खुर्चीकडे वळले. नवं कापड डाव्या बाजूला दबलेलं होतं. माझ्या डोळ्यांसमोर ते आणखी थोडं दबलं.

"ऐक रे मेकॅनिका," मी म्हटलं. आवाज कापत होता, कापू दे. "तू भला माणूस होतास. तुझ्यासाठी मी रडलेय, खोटं नाही. पण ही तुझी बायको व्हायच्या आधी माझी बहीण होती. हिला मी कडेवर घेऊन फिरलेय. हिची वेणी घातलीये, हिच्या शाळेत जाऊन हिच्यासाठी भांडलेय. तू वीस वर्षं लवकर गेलास ही तुझी चूक. तिची नाही. चल हट!"

आणि मी डबी घोळवलीच नाही. हात मागे नेला आणि फासा सरळ भिंतीवर फेकला.

तो भिंतीला आपटला, जमिनीवर पडला, घरंगळत टेबलाखाली गेला.

"खाली पडला!" मी ओरडले. "पाळी गेली! तुझाच नियम!"

काका वाकून बघत होते. "सुई... सहा पडलाय."

"बघू नका! पाय ठेवा त्यावर!"

खोली गार पडली. धून ओढल्यासारखी जड झाली, खाली खाली जायला लागली. लाल खुर्ची जमिनीवर करकरली. धाकटी माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत पहिल्यांदाच माझ्यावरचा राग होता.

"ताई, ही लबाडी आहे."

"आहेच. बरं मग?"

काकांनी फासा उचलून दिला. मी माझी चपटी डबी घेतली. छम छम छम. चार हवेत. आयुष्यात मला हवा तेव्हा चार कधी पडलेला नाही. मी कोणाला हात जोडले नाहीत. दात आवळले आणि टाकला.

फासा फिरला. फिरत राहिला. एकाच टोकावर, भोवऱ्यासारखा, थांबायचं नावच घेईना. कोणीतरी बोटाने फिरवत असावं तसा. मी त्याच्या अगदी जवळ तोंड नेलं आणि म्हटलं, "बस झालं."

चार.

मी हिरवी उचलली. एक, दोन, तीन, चार. पिवळीला अशी टोलवली की ती पटाबाहेर उडाली. "मारली!"

ती पुन्हा सुरुवातीच्या खणात. पुन्हा सहा पडल्याशिवाय सुटणार नाही.

धाकटी ढसाढसा रडायला लागली. सात आठवड्यांत ती अशी रडलीच नव्हती. टेबलावरून माझे हात धरून म्हणत होती, "का गं ताई? का थांबवलंस? हे वाट बघतायत."

"बघू दे. मी मोठी आहे. मला विचारून जायचं."

खट.

कॅसेट थांबली. मी पटावर झाकण घातलं. ती रात्र आम्ही तिघं त्याच खोलीत दिवे लावून बसलो. काकांची भट्टी त्या दिवशी पेटली नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

संपलं असं वाटलं?

पुढच्या बुधवारी आम्ही गेलो, तर टेबलाच्या चारही कडांना लाकडाची पट्टी ठोकलेली. बोटभर उंच. कोपरे इतके सफाईने जुळवलेले की नखसुद्धा शिरणार नाही. मी कारागीर आहे, मला हात ओळखता येतो. असे कोपरे एकच माणूस जुळवायचा.

धाकटी शपथेवर म्हणाली, तिने काही केलेलं नाही. फक्त रात्री झोपेत ठोकल्याचा आवाज येत होता, आणि तिला बरं वाटत होतं.

आता फासा कसाही फेकला तरी पट्टीला आपटून पटावरच परत यायचा. मेकॅनिकने दुरुस्ती केली होती.

म्हणून आम्ही खेळत राहिलो. तोच डाव. अकरा वर्षं.

आम्हाला जिंकूनही चालत नाही. जिंकलो तर मी आणि काका बाहेर जायचं, आणि धाकटी एकटी त्याच्याबरोबर मागे पट आवरायला राहणार. म्हणून मी आणि काका आमच्या सोंगट्या घरात नेतच नव्हतो. दारावरून पुढे जायचं, पुन्हा फेरी मारायची. पिवळी सुटली की मारायची. पुन्हा सुटली, पुन्हा मारायची. एकदा काका न्यूमोनियाचा ताप अंगात घेऊन आले होते. कांबळं पांघरून बसले, पिवळी मारली, आणि मग दवाखान्यात दाखल झाले. असा माणूस!

आणि धाकटी जगली. दोन महिन्यांनी पुन्हा दुकानात जायला लागली. बेचाळिसाव्या वर्षी पोहायला शिकली, आधी नाकात पाणी जाऊन मरता मरता. आता दोन मुलींना डोळे तपासायला शिकवतेय. बुधवारी संध्याकाळी मात्र गप्प असायची. सोंगटी मारली की माझ्याकडे न बघता उठून कप विसळायला जायची. अकरा वर्षांत तिने मला एकदाही 'बरं केलंस' म्हटलं नाही. मी विचारलंही नाही. काय उत्तर येईल याची मला भीती वाटायची, खरं सांगायचं तर.

काका या फेब्रुवारीत गेले. सोमवारी, झोपेत.

जायच्या आधीच्या बुधवारी जिना उतरताना माझा हात धरून म्हणाले होते, "सुई, मी गेलो तर निळ्या उचलू नकोस. मागे उचलल्या होत्यास, आठवतं ना? गैरहजर म्हणजे बाद नाही. इकडून हात थकले. आता तिकडून बघतो त्याच्याकडे."

मी म्हटलं, "काका, गप बसा."

निळ्या उचलल्या नाहीत.

आणि निळ्यांचा फासा कोण टाकणार? विरुद्ध जोडीतलं. विरुद्ध जोडीत एकच जण जिवंत आहे. धाकटी. स्वतःलाच अडवणारा फासा आता तिच्या हातात. मला रात्र रात्र झोप लागली नाही. ती टाकेल नीट? की सोडून देईल?

गेला बुधवार.

पिवळी पुन्हा पट्टीच्या तोंडाशी आली होती. माझी हिरवी फार मागे. पाळी निळ्यांची.

धून संपली.

सूंऽऽऽ...

ठण. ठण.

आणि मग...

ढब. ढब. ढब.

कॅसेटमधून. बेकिंग पावडरचा डबा. मला हुंदकाच फुटला.

धाकटीने काकांचा डबा उचलला. घोळवला. टाकला.

पाच. पिवळीच्या पाच घरं मागे एक निळी होती. दुसरीकडे तीन निळ्या मोकळ्या होत्या, त्यातली कोणतीही चालवता आली असती. नियमाने सोंगटी कोणती, ते टाकणाऱ्याने ठरवायचं.

ती पटाकडे बघत राहिली. मग लाल खुर्चीकडे.

मग निळी उचलली आणि एक, दोन, तीन, चार, पाच... आपलीच पिवळी उडवली.

"मारली," ती म्हणाली.

आणि खुर्चीकडे बघून, अगदी घरातल्यासारखं, "अजून नाही हो. थांबा जरा. मुलींचं शिकणं अर्धं आहे."

मी अकरा वर्षांनी पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकली.

इथे गोष्ट संपवता आली असती. पण म्हटलं ना, खोटं बोलणार नाही.

शेवटच्या धुनेआधी पुन्हा ती शांतता आली. सूंऽऽऽ...

जाड डबी वाजली. ठण ठण.

उंच डबा वाजला. ढब ढब.

आणि त्यांच्या मागून, अगदी बारीक...

छम. छम. छम.

माझी डबी माझ्या मांडीवर होती. दोन्ही हातांत घट्ट धरलेली.

धाकटी कप उचलून आत गेली होती, तिने ऐकलं नाही. मी सांगितलंही नाही. त्या रात्री घरी आल्यावर दार दोनदा तपासलं, दिवा चालू ठेवून झोपले. भीती वाटते, का नाही वाटणार? माणूसच आहे मी.

पण उद्या बुधवार आहे आणि मी जाणार आहे. धाकटीला एवढंच सांगून ठेवणार आहे, की काहीही झालं तरी हिरव्या सोंगट्या पटावरून उचलायच्या नाहीत.